ब्रेक कोणी मारला

तिचा डावा हात वर गेला, की गाडी थांबायची.

गाडीत डाव्या बाजूला बसणाऱ्यासाठी खिडकीच्या वर, छताला एक हँडल असतं. तुम्हीही पाहिलं असेल. बहुतेक लोक त्याला इस्त्रीचे कपडे अडकवतात. तिचा हात त्या हँडलकडे जायचा आणि पुढच्या क्षणी गाडी उभी असायची. बरेच दिवस माझी समजूत अशी होती, की गाडी मी थांबवतो आणि ती घाबरून हँडल धरते.

"स्टेअरिंग तुमचं, ब्रेक माझा. मंग भेता काहून, काका?" असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. हे तिचं ठरलेलं वाक्य. त्याचा नेमका अर्थ मला पुढे कळला, आणि तो कळताना एक कुंडी फुटली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मोटर ड्रायव्हिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे एक खोली, एक टेबल, वाहतुकीच्या चिन्हांचा भिंतभर तक्ता आणि बाहेर उभी असलेली पांढरी लहान गाडी. ते तिचा नवरा चालवायचा. सगळी वस्ती त्यांना मास्तर म्हणायची. ती फोन घ्यायची, शिकणाऱ्यांच्या वेळा लावायची आणि वेळ चुकवणाऱ्याला दारातच अडवायची. गाडी ती स्वतःही फार चांगली चालवायची. तिचं माहेर उमरेडचं. तिकडे जाताना हीच गाडी ती चालवायची, येताना मास्तर.

मग मास्तरांना काचबिंदू निघाला. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, समोरचं दिसतंय, बाजूचं गेलंय, आणि गेलेलं परत येत नाही. गाडी चालवणं बंद. स्कूलच्या परवान्यावर शिकवणारा म्हणून एकट्या मास्तरांचं नाव होतं. परवान्याचं नूतनीकरण तोंडावर आलेलं. तोवर दुसरा प्रमाणित प्रशिक्षक दाखवला नाही, तर खोलीला कुलूप. बाहेरचा माणूस पगारावर ठेवावा, एवढं त्या एका गाडीतून निघत नव्हतं, आणि घरात दुसरं उत्पन्न नव्हतं.

"मीच बनते मास्तर," ती म्हणाली.

शिक्षण आणि गाडी चालवण्याचा अनुभव तिच्याकडे नियमापेक्षा जास्तच होता. मोटर मेकॅनिकचं प्रमाणपत्र तेवढं नव्हतं. त्यासाठी ती आयटीआयच्या छोट्या अभ्यासक्रमाला जाऊ लागली. वर्गात सगळी मिसरूड फुटलेली पोरं.

"पहिल्या दिवशी सारे उभे राहिले ना, काका. त्यांले वाटलं, मॅडम आल्या. मी मागच्या बाकावर जाऊन बसली तं एक जण म्हणते, मॅडम, चुकून बसल्या काय?"

संध्याकाळी ती भिंतीपलीकडून माझ्या बायकोशी बोलायची. पूर्वी विषय असायचा भाजीचा आणि नळाच्या पाण्याचा. आता क्लचप्लेट झिजली की वास कसा येतो, यावर दोघींचं बोलणं व्हायचं. तिच्या नखांतलं काळं ग्रीस जात नसे. बायकोने लिंबाची साल घासायला सांगितली. त्याने वास बदलला, रंग नाही.

याच काळात माझ्यावर गाडी शिकायची वेळ आली. उभा जन्म मी स्कूटरवर काढलेला. पण बायकोच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि तिला स्कूटरवर मागे बसणं बंद झालं. जुनी गाडी घेतली, शिकाऊ लायसन्स काढलं. फी घेऊन शिकवायचं तर प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र लागतं. शेजारधर्म म्हणून शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायला पक्कं लायसन्स पुरतं. मी नियम वाचून खात्री करून घेतली आणि तसं तिला सांगितलं.

"म्हणजे मी फुकटात शिकवू?"

"म्हणजे तुझाही सराव, माझाही."

"तुम्ही हिशेबातले माणूस. तुमच्यासंग कोण बोलन!" असं म्हणून ती पांढऱ्या गाडीत डावीकडे जाऊन बसली.

शिकवायच्या गाडीत डाव्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असतात. शिकणाऱ्याचा ब्रेक आणि शिकवणाऱ्याचा ब्रेक एकमेकांना जोडलेले असतात. हे मला माहीत होतं. त्यातून काय निघतं, हे लक्षात आलं नव्हतं.

मी झपाट्याने शिकलो. निदान मला तसं वाटत होतं. गाय आडवी आली, गाडी थांबली. ऑटोवाल्याने अचानक वळण घेतलं, गाडी थांबली. मी घरी येऊन बायकोला सांगायचो, की ताशी तीस किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला आठ मीटरहून जास्त जाते, म्हणून ब्रेक वेळेवर लावणं महत्त्वाचं. बायको म्हणायची, "मग लावताय ना?" मी म्हणायचो, "अगदी वेळेवर."

एका रविवारी मी ठरवलं, की आज आपल्या स्वतःच्या गाडीत सराव करू. ती शेजारी बसली. चौक फिरून, रस्ता मोकळा असल्याने एकदाही न थांबता, आम्ही परत आलो. आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळ सिमेंटची मोठी कुंडी होती आणि तिच्यात सेक्रेटरींचा गुलाब. कुंडी जवळ येऊ लागली. मी पाय ब्रेकवर ठेवला. तिचा डावा हात वर गेला, हँडल धरलं गेलं. आता गाडी थांबणार म्हणून मी वाट पाहिली.

गाडी थांबली नाही. कुंडी फुटली, मग थांबली.

आम्ही दोघांनी एकाच वेळी खाली पाहिलं. तिचा पाय पायपुसण्यावर गच्च दाबलेला होता. तिथे ब्रेक नव्हता. माझा पाय ब्रेकवर होता, नुसता ठेवलेला.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही आजवर एकदाबी ब्रेक मारला नाही. मीच मारून राहिली होती."

खरं होतं. तिने तिकडून दाबला, की माझ्या पायाखालचं पेडल आपोआप खाली जायचं, आणि त्याच्याबरोबर माझा पाय. त्याला मी स्वतःचं कौशल्य समजत होतो. सेक्रेटरी बाहेर आले. ते गुलाबाबद्दल बरंच बोलले. ती ऐकत नव्हती.

संध्याकाळी मी स्कूलच्या खोलीत गेलो. मास्तर खुर्चीत बसले होते. ती तक्त्याकडे तोंड करून उभी होती. प्रशिक्षकाच्या परीक्षेची तारीख जवळ आलेली.

"मले नाही जमत," ती म्हणाली. "माणूस शिकतच नाही माझ्यापाशी. मी शिकू देत नाही."

"नव्या मास्तरचा पाय लवकर पडतेच वं," मास्तर म्हणाले.

"माझा पाय नवा नाही." ती वळली. "तुमच्यासंग बसून बसून लागली मले ही सवय. उमरेडहून येताना डावीकडची सायकल तुमाले दिसत नव्हती. माणूस दिसत नव्हता. मी दाबत होती. दवाखान्यात जायच्या किती तरी आधीपासून. तुमाले बोलली नाही."

मी उठून जावं की बसावं, ते मला कळेना. मी तक्त्यावरची चिन्हं वाचू लागलो. पुढे अरुंद पूल. पुढे शाळा.

मास्तरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. "पेडल जोडलेलं आहे ना वं. तू तिकून दाबला का इकून माझ्या पायाखालून जाते. सारी उमर मी दुसऱ्याच्या पायाखालून ब्रेक काढला. मले नाही कळन?"

"मंग बोलले काहून नाही?"

"तू बोलत नव्हती. मी कसा बोलू?"

बाहेर कोणी तरी स्कूटरला किक मारत होतं. ती लवकर सुरू होत नव्हती. शेवटी झाली.

"मी पेशंट होतो," मास्तर म्हणाले. "हे काका शिकाऊ आहे. यांले थोडं भेऊ दे. पाय ब्रेकच्या वर अधांतरी धर, ब्रेकवर नको ठेवू. यांनी नाही मारला, तवाच तू मार. अन पहिले तो हात खाली घे. तुझा हात वर गेला का पाय खाली जाते."

दुसऱ्या दिवसापासून ती डावा हात मांडीखाली दाबून बसू लागली. लहान मुलीला गप्प बसवल्यासारखी दिसायची. आता ती फक्त विचारायची, "पुढं काय दिसते, काका?"

"बैलगाडी."

"मंग?"

"आपल्याकडे अजून साधारण वीस मीटर..."

"हिशेब थांबल्यावर करा."

मग मी ब्रेक मारायचो. माझा मीच. पहिल्यांदा इतका जोरात मारला, की दोघांची डोकी पुढे गेली. ती डोकं चोळत म्हणाली, "हां. हा तुमचा होता. पटला मले."

इंजिनाची तोंडी परीक्षा आणि नियमांची लेखी परीक्षा ती सहज पास झाली. शेवटी आरटीओच्या निरीक्षकसाहेबांनी सांगितलं, खरा शिकाऊ घेऊन या, शिकवताना पाहतो. तिच्या ओळखीत कॉलेजमधली एक मुलगी होती. फार सफाईने चालवायची. मी म्हटलं, तिला ने.

"तिले नेलं तं साहेब विचारन, इले तू काय शिकवलं? तुमाले पाहून तशी शंका येणार नाही."

म्हणून मी गेलो. आदल्या दिवशी बायकोने मला दोनदा विचारलं, "तिचं तुमच्यावर आहे, माहीत आहे ना?" माहीत होतं. म्हणूनच जेवण जात नव्हतं.

निरीक्षकसाहेब मागच्या सीटवर बसले. आरशात मला त्यांची मिशी तेवढी दिसत होती. ती डावीकडे, हात मांडीखाली. मास्तर घरी होते. मी येणार नाही, मी आलो तर तू माझ्याकडे पाहशील, असं त्यांनी तिला सांगितलं होतं.

रस्त्यावर पुढे पाण्याचा एक टँकर रिव्हर्समध्ये आमच्या दिशेने येत होता.

"पुढं काय दिसते, काका?"

"टँकर."

ती 'मंग?' म्हणाली नाही. वाट पाहत राहिली. मला तिच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. मी ब्रेक मारला. गाडी नीट थांबली, टँकर वळून गेला. मला इतकं बरं वाटलं, की पुन्हा निघून पुढचा गिअर टाकताना माझं लक्ष गिअरवरच राहिलं. तेवढ्यात डावीकडे उभ्या असलेल्या ऑटोच्या पुढून एक सायकलवाला बाहेर आला. मी त्याला पाहिलाच नव्हता. माझ्या पायाखालचं पेडल खाली गेलं. गाडी थांबली. सायकलवाला आमच्याकडे न बघता निघून गेला.

मी आरशात पाहिलं नाही. मनात म्हटलं, गेलं. माझ्यामुळे गेलं.

"हा ब्रेक कोणी मारला?" मागून आवाज आला.

"मी, साहेब," ती म्हणाली.

"आणि टँकरचा?"

"तो यांनी."

"नक्की?"

"नक्की, साहेब. मले आता कळते."

साहेबांनी कागदावर काही लिहिलं. मग म्हणाले, "आणि तो हात मांडीखाली कशाला?"

"मोकळा सोडला का वर जाते, साहेब."

आरशात मिशी हलली. "चला परत," ते म्हणाले. "प्रमाणपत्र न्यायला या. येताना हात सोडून आलात तरी चालेल."

आरटीओच्या फाटकाबाहेर उभी राहून तिने मास्तरांना फोन लावला. मला एकच बाजू ऐकू येत होती. "हो. झालं. हो ना, झालं म्हणते ना. नाही, एक काकांनी मारला, एक मी. बरोबर मारला. सायकल होती... हो, डावीकडूनच." मग ती नुसतीच फोन कानाला लावून उभी राहिली. पलीकडून कोणी बोलत होतं की नव्हतं, कोण जाणे.

परत येताना तिने डोकं मागे टेकवलं आणि डोळे मिटले. मी म्हटलं, "नियमाने तुला जागं राहायला हवं. मी अजून शिकाऊ आहे."

तिने एक डोळा उघडला. "आता मी प्रमाणित आहे, काका. फी लागन." आणि तो परत मिटला. मग मात्र सरळ होऊन बसली, घर येईपर्यंत. काम म्हणजे काम.

तिचं स्कूल त्यानंतर चांगलं चाललं. वस्तीतल्या किती तरी बायका तिच्याकडे गाडी शिकल्या. माझंही पक्कं लायसन्स झालं. बायकोला गुडघा दाखवायला रामदासपेठेत मीच नेतो-आणतो. बायकोला विचाराल, तर ती सांगेल, की तिचा पायही अधूनमधून पायपुसणं दाबतो. तो वेगळा विषय.

गेल्या वर्षी त्यांनी उमरेडला स्वतःच्या घरात स्कूल हलवलं. इथल्या खोलीत आता मोबाइलची कव्हरं मिळतात. भिंतीवर तक्त्याचे खिळे अजून आहेत. दुकानदाराने त्यांना कव्हरं लटकवली आहेत.

परवा कामासाठी उमरेडला गेलो होतो. गावात शिरताना माझ्यापुढे एक पांढरी लहान गाडी चालली होती, मागच्या काचेवर लाल 'एल'. डावीकडच्या सीटवर तिचं डोकं मी ओळखलं. शिकणारी कोणी तरी बाई होती, दोन्ही हातांनी स्टेअरिंग आवळून बसलेली. पुढे बकऱ्यांचा कळप रस्त्यात आला. पांढऱ्या गाडीच्या मागचा लाल दिवा लागला. तो दिवा कोणाच्या पायाने लागला, हे मागच्याला कधीच कळत नाही. एरवी.

मी तिच्या खिडकीच्या वरच्या हँडलकडे पाहिलं. ते मोकळं होतं.

मीही ब्रेक मारला आणि बकऱ्या जाईपर्यंत थांबलो.