बाण डावीकडं, साईट उजवीकडं

मी आयुष्यात एकच शिकार केली, ती शेजारच्या पाण्याच्या टाकीची.

बायको गेली, लेक प्राजू तिरंदाजीच्या जोरावर नागपूरला नोकरीला लागली, आणि घरात मी अन् तिचं जुनं धनुष्य असे दोघेच उरलो. दर रविवारी तिचा फोन. "पप्पा, जेवलासा का?" "जेवलो." "औषध?" "घेतलं." झालं! आठवड्याचं बोलणं चहाला उकळी फुटायच्या आत संपायचं. मग घर खायला उठायचं. मी उगाच फ्रिजशी बोलत बसायचो (तो निदान गुरगुरायचा तरी).

एकदा सहज विचारलं, "प्राजू, ते धनुष्य ओढायचं कसं गं?" आणि काय सांगू, पोरगी तासभर बोलली! पाय खांद्याएवढे फाकवा, कोपर खाली पडू देऊ नका, दोरी नाकाला आणि हनुवटीला टेकवा... माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुढच्या रविवारी गच्चीवर पिंजराचं, म्हणजे भाताच्या वाळक्या काडाचं, पोतं उभं केलं, व्हिडिओ कॉल लावून फोन कठड्याला टेकवला आणि बाण सोडला.

दोरीनं निम्मी मिशी नेली!

"पप्पा, मिशी कापा आधी!"

"मला कोल्हापुरात ऱ्हायचंय, बाई!" मी उरलेल्या मिशीला खोबरेल चोपडून ती वर वळवली आणि पुन्हा उभा राहिलो.

बाण जरा डावीकडं लागत होते. धनुष्याला साईट असते, म्हणजे नेम धरायचा छोटा गोल. तो इकडं-तिकडं सरकवता येतो. बाण डावीकडं जातोय म्हटल्यावर शहाणा माणूस काय करेल? गोल उजवीकडं सरकवेल! पुढचा बाण पोत्याच्या डाव्या काठाला. मी गोल आणखी उजवीकडं नेला.

"पप्पा, काय फिरवताय?"

"गप्प बस. ट्रॅक्टर चालवलाय मी!"

पुढचा बाण पोतं सोडून, कठडा ओलांडून, थेट शेजारच्या हौसाक्कांच्या टाकीत घुसला. खाली त्यांची वर्षाच्या चटणीची मिरची वाळत होती.

"कुणाचं मढं गेलं हे?" हौसाक्का गच्चीवर आल्या आणि त्यांनी बाणाला हात घातला.

"आक्का, उपटू नका!"

उपटला. अशी धार सुटली म्हणता!

"भावजी, माझ्या मिरचीची आमटी केलीसा की!"

तिकडं प्राजू फोनमध्ये लोळत होती. "पप्पा, उलटं केलंसा! बाण जाईल तिकडंच साईट न्यायची असती!" आणि ती हसतच सुटली. तिची आई गेल्यापासून तिचं हसू मी ऐकलं नव्हतं. टाकी गळत होती आणि माझे डोळेही.

टाकी नवी बसवून दिली, मिरचीही आणून दिली. पोतं आता जिन्याच्या भिंतीला लावलंय. पण हौसाक्कांचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही. रोज संध्याकाळी चहाची किटली घेऊन पहाऱ्याला येतात. प्राजूही रोज फोन करते. "साईट कुठं हाय? डावीकडं घ्या, पप्पा! अजून डावीकडं!" बाण मधोमध लागायला लागले की म्हणते, "जमलं की हो! आता माझी काय गरज न्हाई."

भिंतीचा गिलावा निम्मा पडलाय आणि सगळी गल्ली मला मठ्ठ म्हणते. म्हणू दे. हौसाक्का किटली घेऊन खाली उतरल्या की मी हळूच साईट पुन्हा उजवीकडं सरकवून ठेवतो.