तिओच्या हातांचा वास

एलिहिओ ट्रेविन्यो यांना आमच्या कुत्र्यांच्या केनेलमध्ये सगळे तिओ म्हणायचे. तिओ म्हणजे काका. त्यांच्याहून दोनच वर्षांनी लहान असलेला आमचा बॉस हँकसुद्धा त्यांना तिओच म्हणायचा. "तू कसला पुतण्या रे, थेरड्या?" असं ते त्याला दर सोमवारी सुनवायचे.

दक्षिण टेक्सासातल्या आमच्या त्या रखरखीत माळावर बॉम्ब हुंगणारी कुत्री तयार व्हायची आणि तिथून अफगाणिस्तानात जायची. मी कुत्र्यांना आंघोळ घालायचे, नखं कापायचे आणि सगळ्यांच्या भानगडीत नाक खुपसायचे. तिओंचं काम लपवण्याचं. स्फोटकाचे नमुने डब्यात घालून ते कधी भिंतीच्या भोकात, कधी दगडाखाली, कधी जुन्या ट्रकच्या टायरमागे ठेवायचे. कुत्र्यानं हुंगत यायचं आणि सापडलं की गप खाली बसायचं. ते बसणं म्हणजे त्याचं सांगणं, की इथे आहे, पाय टाकू नका.

चाळीस वर्षं शेळ्या राखलेल्या माणसाला हे काम मिळालं आणि त्यांची छाती दोन इंच फुगली. गेलं वर्षभर त्यांची कुत्री प्रत्येक चाचणीत शंभरापैकी शंभर मिळवत होती. रविवारी डॉमिनो खेळताना ते ऐकवायचे, "एवढी मोठी अमेरिका जगभर पहारा देते ना, ती माझ्या कुत्र्यांच्या मागून चालते!" त्या पहाऱ्यावरून आमच्या घराघरात भांडणं होती. माझा भाऊ म्हणायचा, जगाच्या चौकीदारीचा ठेका आपल्याला कुणी दिला? मेहुणा म्हणायचा, आपण नाही तर कोण? मला दोघांचंही पटायचं, त्यामुळे दोघेही माझ्यावर उखडायचे. पण उपग्रह, विमानं, जहाजं इतकं सगळं असूनही वाटेत पुरलेला एक डबा शोधायला शेवटी कुत्रंच लागतं, हे मी रोज बघत होते, आणि आमच्या तिओंचा मला अभिमान होता.

मे महिन्यात अकरा कुत्री तयार झाली. शुक्रवारी सैन्याचे लोक न्यायला येणार होते. रोस्को नावाचा काळा लॅब्रडोर ज्या मुलीबरोबर जाणार होता ती सार्जंट ब्रीना कोल्वेल, नेब्रास्काची, चोवीस वर्षांची, तीन आठवड्यांपासून आमच्याकडेच राहत होती. वाटेवर रोस्को पुढे, त्याच्या मागे ब्रीना आणि तिच्या मागे तिची सगळी तुकडी, असं त्यांचं चालणं असणार होतं.

सोमवारी दुपारी मी रोस्कोला आंघोळीनंतर फिरवत होते. तिओ मेस्कीटच्या झाडाच्या सावलीत टाको खात बसले होते. रोस्को माझ्या हातातला पट्टा ओढत गेला, त्यांच्यासमोर गप खाली बसला आणि त्यांच्या हातांकडे टक लावून बघत राहिला.

"तिओ, तुमच्या पोटात बॉम्ब आहे!" मी म्हणाले. "तरी सांगत होते, बीन्स कमी खा."

सगळे खो खो हसले. तिओ हसले नाहीत. त्यांनी उरलेला टाको कागदात गुंडाळला आणि आपले तळवे नाकाशी नेले. शेळ्या आणि काटेरी तारा यांच्यात आयुष्य गेल्यानं त्यांच्या हातांना भेगा पडलेल्या होत्या. त्यावर ते गाईच्या आचळांना लावायचं पिवळं मलम थापायचे. हातमोजे घालायचे, पण मलम त्यातूनही झिरपायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला एकटीला बोलावलं. सहा रिकामे डबे त्यांनी स्वतःच्या हातांनी ठेवले. खरा नमुना मला नवे हातमोजे घालायला लावून, चिमट्यानं, सातव्या ठिकाणी ठेवायला सांगितला. मग रोस्कोला सोडलं. तो पहिल्या रिकाम्या डब्याशी शहाण्यासारखा बसला. दुसऱ्याशी बसला. सहाही डब्यांशी बसला. खऱ्या नमुन्यावरून मात्र शेपूट हलवत सरळ पुढे गेला. आम्ही उरलेली दहाही कुत्री सोडून बघितली. एकाचाही निकाल वेगळा नव्हता.

"ओफेलिया, ही बॉम्ब शोधत नाहीत गं," तिओ म्हणाले. "वर्षभर मला शोधतायत."

 मी म्हणाले, "तिओ, गप्प बसा. तुमची नोकरी जाईल, माझीही जाईल. तिकडे गेल्यावर शिकतील."

"तिकडे मी पुरलेले बॉम्ब असतील का?" त्यांनी विचारलं.

मला माझीच लाज वाटली. आजही वाटते.

ते तसेच हँकच्या खोलीत गेले आणि टोपी काढून उभे राहिले. "चूक माझी आहे. एकही कुत्रं पाठवू नकोस."

हँकचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला. "तिओ, शुक्रवारी विमान येतंय! मी त्यांना काय सांगू? आमच्या म्हाताऱ्यानं मलम लावलं म्हणून?"

"हो. तेच सांग."

ब्रीना दारात उभी होती. ती ताडताड आत आली. "मिस्टर ट्रेविन्यो, माझ्या तुकडीतली पोरं तिकडे कुत्र्याशिवाय चालतायत. रोज. ठाऊक आहे तुम्हाला?"

"ठाऊक आहे, पोरी. पण कुत्रं नसलं की ती प्रत्येक पाऊल बघून टाकतात. हा पुढे असला तर त्याच्या भरवशावर चालतील."

 बाहेर जाऊन तिनं पाण्याच्या बादलीला अशी लाथ घातली की बादली कुंपणापलीकडे गेली. शुक्रवारी विमान रिकामं परत गेलं. हँकनं तिओंना हाकललं नाही, पण महिनाभर त्यांच्याशी शब्द बोलला नाही.

मग तिओंनी गाव कामाला लावलं. माणसांच्या वासाला कुत्री फसू नयेत म्हणून रिकामे डबे घेऊन ते दारोदार फिरले. न्हाव्यानं डबे हाताळले, पाद्रीबाबांनी हाताळले, टपालवालीनं, टायरवाल्यानं, तोर्तियाच्या रोट्या भाजणाऱ्या चेलोबाईंनी पिठाच्या हातांनी. "डब्याला आशीर्वाद देऊ का?" पाद्रीबाबांनी विचारलं. "नुसता घाम द्या," तिओ म्हणाले. खरे नमुने आम्ही सगळ्यांनी पाळीपाळीनं ठेवले, दर वेळी नव्या चिमट्यानं. तिओ स्वतः लांब कुंपणाशी उभे राहायचे, कारण हरखलेली कुत्री अजून त्यांच्याकडेच धावायची. इतका जीव लावलेल्या जनावरांना त्यांनी ना हाक मारली, ना त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. मला ते बघवत नव्हतं.

सप्टेंबरात शेवटची चाचणी झाली. कच्च्या रस्त्यावर तिओंनी हाताळलेले डबे पसरले होते आणि रस्त्याच्या मधोमध, मलम लावलेले हात पुढे करून, खुद्द तिओ उभे होते. खरा नमुना कुठे आहे हे फक्त हँकला माहीत होतं. ब्रीनानं रोस्कोला सोडलं. तो पहिला डबा ओलांडून गेला, दुसरा, तिसरा, सगळे. तिओंपाशी आला, त्यांच्या बोटांना नाक लावलं आणि पुढे चालता झाला. चाळीस पावलांवर एका साध्या मातीच्या ढिगाऱ्याशी तो गप खाली बसला. हँकनं हात वर केला.

"ओळखसुद्धा दाखवली नाही हरामखोरानं!" तिओ ओरडले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी इतका आनंदी माणूस पुन्हा बघितला नाही.

अकरापैकी नऊ कुत्री पास झाली. बाकीच्या दोघांना तिओंनीच नापास केलं. सैन्याच्या लोकांनी कागदांवर शिक्के मारले, सह्या केल्या. ब्रीनानं रोस्कोचा कागद न वाचताच खिशात कोंबला आणि ती तिओंपुढे जाऊन उभी राहिली.

"मिस्टर ट्रेविन्यो, मी याच्या मागून चालू?"

तिओंनी रोस्कोकडे बघितलं, तिच्या बुटांकडे बघितलं.

"चाल, पोरी," ते म्हणाले.