पिवळी फीत आणि वाघमारे मॅडम

श्रीमती सुमन वाघमारे मॅडम यांच्याशी माझी पहिली ओळख तीन वर्षांपूर्वी लातूरच्या एका शिक्षक प्रशिक्षणात झाली, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मला त्या मुळीच आवडल्या नाहीत.

मी जळकोट तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेवरचा मास्तर. कुठल्याशा शिबिरात ऐकून आलो होतो, की कुणी पाहून शिकतं, कुणी ऐकून, तर कुणी हाताने करून. ज्याला त्याला त्याच्या शैलीने शिकवावं. हुरळली मेंढी! मी मुलांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि प्रत्येकाच्या शर्टाला फीत लावली. पाहणाऱ्यांना लाल, ऐकणाऱ्यांना हिरवी, करणाऱ्यांना पिवळी. प्रशिक्षणात त्याचे फोटो दाखवून टाळ्याही घेतल्या. मॅडम तिथे मार्गदर्शक होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "सर, लेकराला काय आवडतं ते तुम्ही इचारलं. पण आवडणं अन् येणं एकच हाय का?"

सभागृहात वाद पेटला. आमचे केंद्रप्रमुख साहेबही माझ्याच बाजूने होते. मॅडमनी आवाज चढवला नाही आणि माघारही घेतली नाही. "मी येऊन बघते," म्हणाल्या. मला वाटलं, म्हणायची पद्धत असते. पुढच्याच आठवड्यात त्या उदगीरहून एसटीने आमच्या शाळेत हजर!

चौथीतल्या मीराला त्यांनी पुस्तक दिलं. मीराने ते अदबीने परत केलं. "मी पिवळी हाय, मॅडम. मला वाचायचं नसतंय."

ते खरंच होतं. बाकीची मुलं वाचत, तेव्हा मी तिला चिकणमाती आणि बिया देत असे. दोन वर्षं ती सुखाने बिया मांडत होती. चौथी संपायला तीन महिने उरले होते आणि तिला साधं वाक्य वाचता येत नव्हतं.

दुसऱ्या कुणी मला तिथेच फैलावर घेतलं असतं. मॅडमनी आपला डबा उघडला आणि अर्धी भाकरी ठेच्यासकट माझ्यापुढे सरकवली. "खा आधी. चूक लई मोठी हाय, पण चांगल्या मनानं झाली. आता लेकराचा रंग बघू नका, धडा बघा. नकाशा काय कानानं कळतो? कविता ऐकवा, वजन हातात द्या. समद्यांना समदं."

फिती त्याच दुपारी निघाल्या. पुढे तीन महिने दर शनिवारी, आपली सुट्टी मोडून, मॅडम आमच्या सकाळच्या शाळेत येत राहिल्या. मीरा आधी ऐकून, मग अक्षरांवर बोट ठेवून, मग चुकत, रडत वाचू लागली. मध्येच मला म्हणालीही, "सर, मातीच बरी होती." पण पाचवीत जाताना ती पुस्तकाची पानं घडाघडा वाचत होती.

माझी ही फजिती मॅडमनी कधीही कुणाला सांगितली नाही. पुढच्या प्रशिक्षणात ती मीच सांगितली. साहेब अजून शैलींचाच कैवार घेतात, मॅडमशी तावातावाने भांडतात आणि चहा मात्र त्यांच्याच टेबलावर पितात. मतभेद असावेत तर असे.

एक गोष्ट मात्र मला छळत होती. मीराच्या आधीची तुकडी फिती लावूनच पाचवीत गेली होती. मॅडमजवळ बोललो, तर म्हणाल्या, "पोरं गावातच हायत ना? मग बोलवा की. मी बी येते." रविवारचा वर्ग असा सुरू झाला. सेवानिवृत्तीनंतरही मॅडमनी तो चुकवलेला नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटतो, आणि त्यांच्यामुळे मी बरा मास्तर झालो याचं समाधानही.

मॅडम, साठीनंतरची तुमची वर्षं निरोगी, आनंदाची आणि भरपूर असोत. ही शुभेच्छा निःस्वार्थी नाही. त्या तुकडीतली दोन मुलं अजून अडखळत वाचतात, आणि रविवारी मी शाळा उघडतो तेव्हा ती तुमचीच वाट बघत असतात.