मॉलिकुट्टीचं गोड बोलणं

पाला गावच्या त्या हॉस्पिटलात मॉलिकुट्टीचा आवाज ऐकला नाही असा पेशंट सापडायचा नाही. वीस-बावीस वर्षं तिने वॉर्डात काढली ती ओरडूनच. ‘उठा, अप्पच्चा! पालखी मागवू का?’ असं म्हणत तिने कितीतरी म्हाताऱ्यांना चालतं केलं. पण हे सगळं डिप्लोम्यावर. नर्सिंग स्कूलात शिकवायचं तर डिग्री हवी, आणि मॉलिकुट्टीला शिकवायचंच होतं. रात्रपाळ्यांनी गुडघ्यांची वाट लागली होती, आणि नव्या पोरींनी घातलेले बिछाने बघून तिचं डोकं उठायचं. म्हणून चाळिशी उलटल्यावर ती पुन्हा विद्यार्थिनीचा युनिफॉर्म घालून वर्गात बसली.

बरं, हे कुणाला सांगून पटेल तर शपथ! चर्चच्या पायरीवर, मासळीवाल्याकडे, जिथं जावं तिथं एकच प्रश्न : “डिग्री करतेयस? मग कुठला देश?”

“हाच,” ती सांगायची. लोक डोळे मिचकावून हसायचे; नर्सने डिग्री केली म्हणजे ती परदेशी जाणारच. नवरा कुर्याच्चन तर रोज सकाळी आयर्लंडमध्ये आज थंडी किती ते बघायचा. जणू तिथली निवडणूकच लढवायची असावी, इतका त्याचा अभ्यास.

लेखी पेपर सुटले. प्रॅक्टिकलला मात्र ती आपटली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंसमोर पेशंटला म्हणाली, “तोंड मिटा आणि कुशीवर वळा.” बाईंनी शेरा मारला : वर्तन उद्धट. आता ही दुसरी परीक्षा. नर्सिंग स्कूलातली टीचरची जागा प्रिन्सिपॉल सिस्टरांनी तिच्यासाठी कशीबशी अडवून धरली होती. या खेपेला गेली की गेलीच.

“चेची, आधी नाव सांगायचं, मग परवानगी घ्यायची, मग हात लावायचा,” तिची टीचर अंजू मिस पुन्हा पुन्हा घोकून घ्यायची. अंजू तिच्या थोरल्या मुलीच्या वयाची, म्हणून तिला चेची, म्हणजे ताई, म्हणायची. मॉलिकुट्टी घरी नवऱ्यावर सराव करायची. “आपल्याला कुठं दुखतंय का?” ऐकून कुर्याच्चनच्या हातातला उकडलेल्या कप्प्याच्या कंदाचा घास खाली पडायचा. “वा! तिकडे अस्संच लागतं,” तो म्हणायचा. तिला उलथनं फेकून मारावंसं वाटायचं.

परीक्षेला तिच्या वाट्याला पाप्पच्चन आला. घसरून पडलेला, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. आठवडाभर ती त्याच्यावर रोज खेकसत होती आणि तो रोज तिला उलट उत्तरं देत होता.

“नमस्कार. माझं नाव मॉलिकुट्टी. आज मी आपली काळजी घेणार आहे.”

पाप्पच्चन बघतच राहिला. “नाव माहितेय की गं. डोकं खातेस ना रोज!”

“आपल्याला कुशीवर वळवू का? आपली परवानगी असेल तरच.”

“परवानगी?” म्हाताऱ्याचा आवाज बसला. “मॉली, डॉक्टर काय म्हणाले? माझं काही खरं नाही का?”

परीक्षक बाई शेजारीच उभ्या होत्या. मॉलिकुट्टीने चादर सारखी केली. “आपल्याला भीती वाटणं स्वाभाविक आहे,” ती म्हणाली. पुस्तकात तसंच होतं.

म्हाताऱ्याने डोळे मिटले. एरवी कुशीवर वळताना सगळा वॉर्ड डोक्यावर घेणारा माणूस निमूट वळला. त्याची बोटं गळ्यातला क्रूस चाचपत होती. एक आरोळी ठोकली असती तर काम झालं असतं. तिने ठोकली नाही, आणि तिला स्वतःचीच भयंकर चीड आली.

“फार मृदू बोलता तुम्ही,” परीक्षक बाई खूश होऊन म्हणाल्या आणि पुढच्या खाटेच्या पडद्याआड गेल्या. मार्कांवर सही सगळ्यांचं झाल्यावर व्हायची होती.

मॉलिकुट्टी तोंड धुऊन परत आली, तर पाप्पच्चनची बायको अम्मिणी फोन हातात धरून रडत होती. “कुवेतच्या पोराला निघ म्हणून सांगितलंय. शेवटच्या प्रार्थनेला फादरनाही बोलावलंय. पेजेचा घोटसुद्धा घेत नाहीत गं हे.”

मॉलिकुट्टीने पडद्याकडे बघितलं. पडद्यामागे बाई होत्या, सही होती, शाळेतली जागा होती. मग तिने म्हाताऱ्याकडे बघितलं.

“अप्पच्चा! डोळे उघडा! खुबा बसवलाय तुमचा, थडगं नाही खणलं! मरायची नाटकं माझ्यापुढं चालायची नाहीत, सांगून ठेवते. पोराच्या तिकिटाला रबराची झाडं विकणार का? उघडा तोंड! आणि फादर आले तर त्यांनाही पेज वाढा!”

शेजारच्या खाटांवरचे पेशंट माना वळवून बघायला लागले.

“कोण ओरडतंय?” पडद्यामागून बाईंनी विचारलं.

“पेशंटच्या घरचं कुणीतरी असेल, मॅडम,” अंजू मिस घाईघाईने म्हणाली.

पाप्पच्चनने एक डोळा उघडला, मग दुसरा. मॉलिकुट्टीने पेजेचा चमचा त्याच्या तोंडाशी धरला होता; तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण भुवया होत्या तशाच चढलेल्या. त्याने पेजेचा मोठा घोट गिळला.

“अम्मिणी,” तो म्हणाला, “पोराला कळव, येऊ नको. मॉली रागावलीय.”