अंबुबाईचे दोन बाप्तिस्मे

वळसंगची अंबुबाई जुळे सोलापुरात लेकाकडं राहायला आली, त्याला बरीच वर्षं झाली. नवरा ज्ञानबा गेला, त्याला शहरातल्या जुन्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दफनभूमीत मूठमाती मिळाली. शेजारची जागा तिथल्या सयाजी पाळकांनी बाईसाठी राखून ठेवलेली. दोघांना बाप्तिस्माही त्यांनीच दिलेला, डोक्यावर पाणी शिंपडून.

पण बाईचं माहेर कानडी. रविवारी संध्याकाळी ईरप्पा पाळकांच्या पत्र्याच्या शेडात कानडी उपासना चालायची, तिथंही ती जाऊ लागली. ईरप्पा म्हणाले, "अव्वा, शिंपडलेलं चालत न्हाय. बुडाय लागतंय." बाईनं विहिरीत बुडूनही घेतलं. नाकातोंडात पाणी गेलं, पण एवढ्या मायेनं सांगणाऱ्याचं मन कसं मोडायचं? शिवाय दोन्हीकडं भिंतीवर कॅलेंडर एकाच संघाचं. देशभरातल्या मंडळ्यांचा तो संघ. संघ एक म्हणजे घर एक, असं बाईनं धरून टाकलं. सकाळी सयाजींकडं म्हणजे सोप्यात बसायचं, संध्याकाळी ईरप्पांकडं म्हणजे परसात.

यंदा संघाचा वर्धापनदिन सोलापुरात झाला. प्रत्येक मंडळीनं आपल्यातलं एक वयस्क माणूस साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या विश्वासाची गोष्ट सांगायला, आणायचं होतं. दिल्लीच्या पाहुण्यांनी आधी इतिहास सांगितला. स्वातंत्र्यानंतर मंडळ्या विखुरलेल्या होत्या, परदेशी मिशनरी निघून चालले होते, तेव्हा निरनिराळ्या रीतीची माणसं एकत्र बसली आणि हा संघ उभा राहिला. बाई मान डोलवत होती.

मग साक्षीची पाळी आली. सयाजी पाळक उठले, "आमच्या अंबुबाई!"

मागून ईरप्पाही उठले, "आमच्या अंबव्वा!"

मांडवात खसखस पिकली. पाहुण्यांनी विचारलं, "बाई, तुमची मंडळी नक्की कोणती?"

"दोनी की."

"बाप्तिस्मा कुठं घेतलात?"

"ह्यांच्याकडं शितुडं, त्यांच्याकडं डुबकी."

सयाजींचा चेहरा उतरला. "म्हणजे आम्ही दिलेला खोटा? अंबुबाई, दफनभूमी मंडळीतल्या माणसांसाठी असते."

बाईला घाम फुटला. "आवो, आसं कसं? तितं ज्ञानबा हाय की! तुमीच सांगा सायेब, समदं येक हाय म्हनला न्हवं?"

पाहुणे घुटमळले. "एक आहोत. पण जागेचं स्थानिक मंडळीच ठरवते."

बाई कधी ह्याच्याकडं बघे, कधी त्याच्याकडं. तिला काही उमजेना. शेवटी ईरप्पाच पुढं झाले. "सयाजीअण्णा, अव्वा तुमचीच. नाव तुमच्याकडंच असू द्या. जित्तेपणी दोन कानडी गाणी आमच्यात म्हनू द्या, पुढं तुमच्यात निजू द्या."

सयाजींनी चष्मा पुसला, परत घातला. "जागा राहील," ते म्हणाले. "पण तिसरीकडं बुडू नका म्हणजे झालं."

बाईनं हात जोडले. साक्ष राहूनच गेली. रिक्षात बसल्यावर तिनं लेकाला, कुमारला, हळूच विचारलं, "आरं, पर त्या दोनीतला लागू कुटला झाला?"

"मला काय ठावं, आये."

"मग ऐतवारी?"

"दोनीकडं जा की."

"व्हय," बाई म्हणाली, आणि परत विचारात पडली.