डब्यातली सोंगटी

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. माझा थोरला भाऊ पाटात बुडून गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. आई धड जेवायची नाही, बोलायची नाही. मग कुणीतरी तिच्या कानावर घातलं, की गल्लीत भाजी विकायला येणाऱ्या कळवणकडच्या बाईच्या अंगात गेलेली माणसं येतात आणि बोलतात. झालं! तिला घरी बोलवायचा आईनं हट्टच धरला.

आमचं घर बौद्ध. अंगात येणं, अंगारेधुपारे यांना उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. आबा, म्हणजे माझे वडील, अंबडच्या एका कारखान्यात तयार माल तपासायचे. ते चिडले नाहीत, याचीच मला जास्त धास्ती वाटली.

"बोलव," ते म्हणाले. "पण चमत्कार कशाला म्हणायचं ते आधी ठरवू. मागाहून कशालाही म्हणता येतं. आपल्यापैकी कुणालाच माहीत नाही आणि तपासून बघता येईल, असं काहीतरी तिनं सांगितलं पाहिजे."

त्यांनी भावाच्या कॅरमच्या सोंगट्या एका पिशवीत भरल्या. आईनं डोळे मिटून त्यातली एक काढली, पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं. आत कुठली आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

भर दुपारी ती बाई आली, भिंतीशी बसली आणि घुमायला लागली.

"आबा," तिनं घोगऱ्या आवाजात हाक मारली.

मला रागच आला. आबा म्हणायला काय लागतं? तिच्यादेखत मीच कितीदा तशी हाक मारली होती.

आबांनी डबा पुढे केला. "यात काय आहे?"

"राणी."

आबांनी झाकण काढलं. आत लाल सोंगटी होती. अख्ख्या कॅरममध्ये ती एकच असते. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

"एक नग बरोबर निघाला म्हणून माल पास होत नाही," आबा म्हणाले आणि त्यांनी पिशवी पुन्हा आईपुढे धरली.

आईनं हात मागे घेतला. "नको हो. या वेळी चुकलं, तर मी त्याला परत कुठं शोधू?"

"मग मी काढतो." आबांनी डोळे मिटून पिशवीत हात घातला.

"आबा," बाई हळूच म्हणाली, "किती खेपा घालायला लावता? लय लांबनं यावं लागतं. दर खेपेला पाय भिजतात."

भाऊ कसा गेला ते साऱ्या गल्लीला माहीत होतं. या बोलण्यात तपासण्याजोगं काहीच नव्हतं. मी तसं म्हणणार होते, तेवढ्यात माझं लक्ष आबांकडे गेलं. त्यांचा हात पिशवीतच थांबला होता. मग तो रिकामाच बाहेर आला.

"दमला असशील तर जा, बाळा," ते म्हणाले. "आता नाही बोलवत."

बाईनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. आई ओक्साबोक्शी रडू लागली. आबा मात्र उठून दारात गेले आणि रणरणत्या, रिकाम्या गल्लीकडे बघत बराच वेळ उभे राहिले, पाहुण्याला पोचवायला आल्यासारखे.