साठ इंचांचा दिवस

मी म्हैसूरला एकच पॅन्ट घेऊन गेलो आणि दशमीच्या संध्याकाळी ती शिंप्याला दिली.

यातली पहिली चूक कुणाच्याही लक्षात येईल. दुसरी माझ्या लक्षात यायला एकादशी उजाडावी लागली.

त्या काळी मी सांगलीच्या एका कारखान्याचे वजनकाटे विकत हिंडत असे. नंजनगूडच्या एका गिरणीत आमचा मोठा काटा बसवायचा, सरकारी इन्स्पेक्टरांकडून त्यावर शिक्का मारून घ्यायचा आणि परत यायचं. दोन दिवसांचं काम. दोन दिवसांना दोन पॅन्टी कशाला, हा सिद्धांत मी निघताना बायकोसमोर मोठ्या ऐटीत मांडला होता. काटा बसवताना मी उकिडवा बसलो आणि मागून आवाज आला. काट्याचा नव्हे.

वर्तमानपत्र मागे धरून बसने म्हैसूरच्या नजरबाद भागातल्या लॉजवर आलो. लॉजच्या जिन्याखाली एक शिंपी बसत असे. जिन्याखाली म्हणजे अक्षरशः खाली. पायऱ्या जशा उतरत येत तसं त्याच्या दुकानाचं छत उतरत येई, आणि जिथे ते सर्वांत बुटकं होतं तिथे मशीन. त्यामुळे तो माणूस बसलेला किंवा वाकलेला, एवढ्या दोनच अवस्थांत मी पाहिला. गळ्यात टेप, कानावर खडूचा तुकडा. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी माझी व्यथा सांगू लागलो, तेव्हा त्याने शांतपणे विचारलं, "मागं फाटलंय की?"

त्याचे पूर्वज किती पिढ्यांपूर्वी तिकडे गेले ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पण घरात विठ्ठल होता आणि तोंडात मराठी होती. तिच्यात कन्नड अशी मिसळलेली, की कुठे कोणती संपते ते समजू नये. मी त्यांना लगेच 'मास्तर' म्हणू लागलो. ते मला 'सार' म्हणत. म्हैसुरात साहेबाला सार म्हणतात आणि लॉजवर उतरलेला प्रत्येक जण साहेबच.

"सकाळी मिळेल ना, मास्तर?"

"आयतु," ते म्हणाले. म्हणजे झालंच समजा. हा त्यांचा लाडका शब्द.

सकाळी टॉवेल गुंडाळून खाली आलो, तर मशीनवर कापड झाकलेलं आणि मास्तर कपाळाला बुक्का लावून भजनाला निघालेले.

"एकादशी, सार. आमच्यात आज सुई-कात्री धरत नाहीत. उद्या."

"अहो, मग काल सांगायचं नाही का?"

ते खरोखर चकित झाले. "तुमी मराठी ना? मराठी माणसाला एकादशी सांगायची?"

तयार पॅन्ट विकत घ्यावी तर माझ्या पोटाच्या मापाची गावात नव्हती. मास्तरांनी स्वतःचं धोतर देऊ केलं. तिकडे त्याला पंचे म्हणतात. "हे नेसून मोठे मोठे लोक कचेरीत जातात," असा धीरही दिला. मी नेसलो आणि तिसऱ्या पायरीवर ते माझ्या आधी खाली उतरलं. मग तो अख्खा दिवस मी खोलीत कोंडून घेतला, खिडकीतून चामुंडी टेकडी पाहत. नेमके त्याच दिवशी इन्स्पेक्टरसाहेब नंजनगूडला गेले, काट्याशी कुणी माणूस नाही म्हणून परतले आणि लांबच्या दौऱ्यावर निघून गेले. मी कंपनीला तार केली. उत्तर आलं: शिक्क्याशिवाय परतू नये.

अशा रीतीने मी म्हैसुरात अडकलो.

रोज सकाळी कचेरीत जायचं. शिपाई लांबूनच हात हलवायचा. साहेब नाहीत, उद्या या. अकरा वाजता मी मोकळा आणि पुढचा सगळा दिवस अंगावर यायचा. तिसऱ्या दिवशी मी जिन्याखाली बाकावर उदास बसलेला पाहून मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि कापायच्या फळीवर लांब पसरली.

"नोडी, बघा, सार. साठ इंच. सकाळी आठ ते रात्री आठ, बारा तास. पाच इंचाला एक तास. अकराला सुटला म्हणजे पंधरा इंच गेले. पंचेचाळीस उरले. श्रीरंगपट्टणची बस पाच इंच. बघायला पंधरा. परत पाच." प्रत्येक ठिकाणी फळीवर खडूची खूण. "वीस इंच शिल्लक. स्वल्प जेवा, स्वल्प झोपा."

"मग वाटेत ते पक्ष्यांचं बेटही करून घेतो की."

त्यांनी टेप झटकन उचलून घेतली. "अंगाबरोबर कापू नये, सार. शिवणीत मार्जिन ठेवावं लागतं. दिवसाला पण."

लॉजवर कामासाठी उतरणारे सगळे फिरते विक्रेते, कोणी औषधांचा, कोणी पुस्तकांचा, बटण लावून घ्यायला म्हणून खाली येत आणि फळीवर आपला दिवस बेतून घेऊन जात. बस कुठून सुटते, मंदिर कधी बंद होतं, सगळं मास्तरांना पाठ. एकदा मी शहाणपणा करून टेपेशिवाय निघालो. चुकीच्या बसमध्ये बसलो आणि येलवाल नावाच्या खेड्यात शहाळं पिऊन परत आलो. "येलवालला काय बघितलं?" मास्तरांनी विचारलं. "शहाळं," मी म्हणालो. ते मान खाली घालून बराच वेळ मशीन चालवत राहिले. खांदे मात्र हलत होते.

संध्याकाळी येऊन दिवसाचा वृत्तांत सांगायचा हा नियम होऊन गेला. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ऐकताना ज्यांचे हात थांबत नाहीत. मास्तरांचे पाय मशीनवर चालूच असत. फक्त एखादी गोष्ट मनात शिरली की पाय थांबत. सोमनाथपूरच्या देवळातल्या नक्षीबद्दल ते म्हणाले, "दगडाला झालर लावली आहे म्हणे." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा 'म्हणे' त्यांच्या प्रत्येक वाक्यात होता.

"मास्तर, तुम्ही स्वतः यातलं काय काय पाहिलंय?"

"चामुंडी. लग्न झालं तेव्हा."

"बास?"

"रोज गिऱ्हाईक. एकादशीला सुट्टी, तर सकाळी भजन. आणि सगळं जवळच आहे ना, सार. जवळचं ते कधी पण होतंय." त्यांनी दोरा तोडला. "म्हणून राहतंय."

मी कृष्णराजसागरच्या बागेतली रंगीत कारंजी पाहून आलो त्या दिवशी त्यांचे पाय लवकर थांबले.

"पहिला कुठला रंग येतो?"

"पहिला? लाल असेल. नाहीतर हिरवा."

"बघून आलात की सुम्ने जाऊन आलात?" ते म्हणाले. सुम्ने म्हणजे उगाचच.

मग हळूहळू बाहेर आलं. लहानपणी वडिलांचं बोट धरून ते त्या बागेत गेले होते. वडिलांना लग्नाचे कपडे पोचवायचे होते. पाच वाजले आणि वडील उठले. दिवे लागायच्या आधी. "कारंजी बघितली, सार. पांढरीच."

मी हळवा झालो. आणि हळवा झालो की मी बोलतो. "मास्तर, येत्या एकादशीला तुम्ही आणि मी. मी तुम्हाला नेतो."

दहा-बारा दिवसांचा पाहुणा मी. मी त्यांना त्यांच्याच गावाबाहेर दहा-बारा मैलांवर नेणार होतो. पण मास्तर हसले नाहीत. टेप पसरली आणि पहिल्यांदाच स्वतःसाठी दिवस मापला. एकपर्यंत भजन. दोनला बसस्टँडवर भेटायचं. दिवे लागेपर्यंत बाग फिरायची. दिवे पुरते पाहून परत. सहा ठिकाणी खुणा झाल्या. त्या खुणा त्यांनी दोन दिवस पुसल्या नाहीत, कापड त्यांच्या बाजूने कापलं.

दशमीच्या संध्याकाळी कचेरीतून निरोप आला. साहेब परतले आहेत, उद्या नंजनगूडला येतात. मी मास्तरांपुढे जाऊन उभा राहिलो.

"आधी शिक्का," ते म्हणाले. "शिक्का झाला की या. दोनला. हे घ्या." त्यांनी एक जुनी, कडा उसवलेली टेप माझ्या खिशात घातली. "मार्जिन विसरू नका."

साडेअकराला शिक्का झाला. इन्स्पेक्टरसाहेब फार सज्जन निघाले. पंधरा दिवस मी त्यांना मनात दिलेल्या शिव्या मला परत घ्याव्याशा वाटल्या. मी नंजनगूडच्या बसथांब्यावर उभा राहिलो आणि खिशातली टेप काढली. दोन वाजेपर्यंत साडेबारा इंच. बस पाच. उरले साडेसात इंच. समोर शंकराच्या देवळाचं उंच गोपूर दिसत होतं. एवढं नावाजलेलं देऊळ, आणि मी दुसऱ्यांदा नंजनगूडला येऊनही ते आतून पाहिलेलं नव्हतं. साडेसात इंचांत देव होतो, मी स्वतःला सांगितलं.

ती एकादशी सोमवारी आली होती. एकादशी विठ्ठलाची, हे मास्तरांनी मला चांगलंच शिकवलं होतं. सोमवार शंकराचा, हे मला आईनेच शिकवलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात राहतील एवढी जागा तिथे नव्हती. रांग छोटी दिसली म्हणून शिरलो. वळणानंतर कळलं, ती रांगेची फक्त शेपटी होती. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, पुढे माणसं, मागे क्षणात शंभर माणसं. आणि आम्ही निम्म्यात असताना नैवेद्यासाठी दार बंद झालं. चारला उघडेल, असं पुढून मागे सांगत आले.

मी मागे वळून वाट मागितली. एका आजीबाईंनी माझ्या पोटाकडे पाहिलं, कठड्यांमधल्या जागेकडे पाहिलं आणि फक्त मान हलवली. कठड्यावरून उडी मारता आली असती. एक पाय मी वर टाकलाही. मागच्या शिवणीने बारीकसा आवाज केला आणि मी पाय खाली घेतला. पॅन्ट पुन्हा फाटेल म्हणून मी तिथे उभा राहिलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. खिशात हात घालून टेप बोटाने मोजत होतो. दोन वाजले. तीन वाजले. माझ्या पुढे देव होता आणि मला एकदाही हात जोडावेसे वाटले नाहीत.

बाहेर पडलो तेव्हा पाच वाजून गेले होते. दोन बस भरून गेल्या, तिसरीच्या पायरीवर लोंबकळत म्हैसूर गाठलं तेव्हा अंधारायला लागलं होतं. स्टँडवर मी मास्तरांना शोधलं आणि ते सापडेनात. एक उंच, ताठ माणूस, पांढरा इस्त्रीचा शर्ट, नवा कोट, कृष्णराजसागरच्या पाटीखाली उभा होता. मी त्याच्या समोरून दोनदा गेलो. मास्तरांना मी सरळ उभं असं कधी पाहिलंच नव्हतं.

"शिक्का मिळाला की?" त्यांनी आधी ते विचारलं.

मी मान हलवली. मग घडाघडा सगळं सांगितलं. देऊळ, रांग, कठडे, आजीबाई. पॅन्टचं सोडून. ते ऐकून घेत होते.

"मास्तर, तुम्ही एकटे तरी जायचं."

"तुमी येतो म्हणालात. माणसाला सोडून कसं जायचं?" त्यांनी रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. तिकडे आता दिवे लागले असणार आणि आम्ही पोचेपर्यंत विझणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. "मार्जिन खाल्लं तुमी, सार," ते हळूच म्हणाले.

मग हातातलं पुडकं पुढे केलं. वर शेंगदाण्याचे लाडू, उपासाचे, आम्हा दोघांसाठी बांधून आणलेले, सगळेच शिल्लक. खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली पॅन्ट. नवी. आदल्या दिवशीच त्यांनी ती माझ्यासाठी शिवून ठेवली होती. "एकच आणली तुमी. वाटेत परत फाटलं तर?"

दुसऱ्या दिवशीच्या गाडीने मी निघालो. पुढच्या वेळी नक्की, असं म्हणालो. मास्तर म्हणाले, "आयतु."

पुढची वेळ यायला चार वर्षं लागली. काटे मजबूत होते, दुरुस्तीला बोलावलंच नाही कुणी. बोलावलं तेव्हा मुद्दाम मी ती पॅन्ट घालून गेलो. माझं पोट वाढलं होतं, पण शिवणीच्या आत इतकं कापड राखलेलं होतं, की सांगलीच्या शिंप्याने दोनदा उसवून ती मोठी केली.

जिन्याखाली विडी-काडीची टपरी होती. लॉजच्या माणसाने मागच्या गल्लीतलं घर दाखवलं. दारात मास्तरांच्या पत्नी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी नाव सांगायच्या आधीच त्यांची नजर माझ्या कमरेखाली गेली.

"ही आमच्यांची शिवण."

"हो. मी तो..."

"काट्याचे सार." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मास्तर गेल्याला दीड वर्ष झालं होतं. छातीत दुखलं, कापड हातातच होतं, म्हणाल्या. मी ओट्यावर टेकलो. विचारू नये असं वाटत होतं, पण विचारलं.

"मग ते दिवे पाहायला... कुणाबरोबर गेले का कधी?"

"मी म्हटलं की दोनदा. चला, आपण जाऊ. म्हणाले, ते काट्याचे येतो म्हणालेत. आले की जाऊ." त्यांनी तांदळातला एक खडा उचलून अंगणात टाकला. मग पुन्हा माझ्या पॅन्टीकडे पाहिलं.

"पॅन्ट बरी आठवणीनं नेली तुमी," त्या म्हणाल्या. "माणूस न्यायचा राहिला."